चौदा महिने, तीन वॉकीटॉकी: ट्रेकसाठी आणि हौशी रेडिओसाठी स्वस्त संच घेताना

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी पहिला हँडसेट घेतला. त्यानंतर चार महिन्यांनी आणखी दोन घेतले, वेगळ्या प्रकारचे. हे असं का झालं तेच आधी सांगतो, कारण नवीन घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची गल्लत इथेच होते.

मी हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांचा, हॅमचा परवाना काढला आणि अडीच हजारांच्या आसपासचा पाच वॉटचा दुहेरी बँडचा (फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांवर चालणारा) चिनी संच घेतला. मॉडेलचं नाव लिहीत नाही. याच साच्यातले संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि आतला माल जवळपास सारखाच असतो. माझ्या डोक्यात असं होतं की हाच संच छंदाला होईल आणि हाच ट्रेकला. तसं होत नाही. हॅमच्या बँडवर बोलायचं तर दोन्ही टोकांना परवाना असलेला माणूस हवा. आमच्या अठरा जणांच्या ग्रुपमध्ये परवाना माझ्या एकट्याकडे. मग मी बोलणार कोणाशी?

ट्रेकमधल्या लीड (सगळ्यांत पुढचा) आणि बॅकलीडच्या (सगळ्यांत मागचा) बोलण्यासाठी भारतात वेगळी सोय आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ पासून कमी शक्तीच्या संचांना विनापरवाना खुला आहे. या पट्ट्यासाठीच बनवलेला आणि भारतात मान्यता मिळालेला संच असेल तर तो कोणीही वापरू शकतो. म्हणून नंतर त्या प्रकारची जोडी घेतली, अर्ध्या वॉटची. माझा पाच वॉटचा संच बटणं दाबून ४४६ वर नेता येतो, पण तो त्या पट्ट्यासाठी मान्य नाही, आणि मी तो तिथे वापरत नाही. तुम्हीही वापरू नका. जंगलात, गडावर, नाक्यावर कोणी विचारलं तर आपलं उत्तर सरळ असलं पाहिजे. माझ्या पाकिटात परवान्याची प्रत कायम असते. दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा प्रत दाखवल्यावर विषय मिनिटात संपला.

खरेदीबद्दलही हेच. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना वॉकीटॉकीवरून १३ नोटिसा काढल्या. संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का, मान्यता आहे का, हे जाहिरातीत लिहिलेलंच नसायचं. तेव्हा विक्रेत्याला हे तीन प्रश्न विचारा. फ्रिक्वेन्सी सांगता येत नसेल तर तो संच घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

आता अंतराबद्दल, कारण सगळे पहिलं तेच विचारतात: किती लांब जातं?

डब्यावर छापलेला आकडा विसरा. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी जवळपास नजरेसारख्याच सरळ जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. सपाट माळावर दोन माणसं उभी राहून बोलतात तेव्हा पृथ्वीच्या गोलाईमुळेच दहा किलोमीटरच्या आसपास मर्यादा येते, मग संच कितीही वॉटचा असो. झाडी, घरं, उंचवटे धरले तर प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. उलट एक माणूस उंचावर चढला की चित्रच बदलतं.

दोन प्रसंग सांगतो. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर चाललो होतो. मी पुढे, धाकटी बहीण शेवटी. खिंडीच्या वरचा रेलिंगचा कातळटप्पा चढून मी कडेच्या आड गेलो आणि तिचा आवाज तुटला. दोघांत अंतर फार तर तीनशे मीटर. हाक मारली असती तर कदाचित तोंडी ऐकू आली असती, पण रेडिओवर नुसती खरखर. वीस पावलं मागे येऊन कातळाच्या कडेला उभा राहिलो तर लगेच, "दादा, ऐकू येतंय का? ओव्हर." वीस पावलांचा फरक!

दुसरा राजगड-तोरण्याचा. आमच्यातल्या एका ताईंचा गुडघा दुखावला म्हणून मी त्यांच्यासोबत राजगडावर थांबलो आणि बाकीचे पहाटे तोरण्याकडे निघाले. ठरलं होतं की दुपारी बारा वाजता मी संजीवनी माचीच्या टोकाला जायचं आणि त्यांनी धारेवर जिथे असतील तिथून बोलायचं. बाराला पाच कमी असताना बटण दाबलं. बुधला माचीवरून उत्तर आलं, इतकं स्वच्छ की मागे कोणीतरी काकडी चावतंय तेही कळत होतं. मध्ये काही किलोमीटरची दरी, हातात अर्ध्या वॉटचा संच. ताईंना उतरवायला कोणत्या बाजूला गाडी बोलवायची, ते त्या दोन मिनिटांत ठरलं. त्या दिवशी या जोडीचे पैसे वसूल झाले असं मी मानतो.

म्हणून वॉटच्या मागे लागू नका. अर्ध्याचे पाच वॉट, म्हणजे दहापट शक्ती केली तरी समोरच्याच्या सिग्नलच्या काट्यावर दोन घरांचाही फरक पडत नाही. अँटेना आणि उभं राहायची जागा मात्र खूप फरक पाडतात.

हॅमच्या संचाबरोबर येणारी काळी आखूड अँटेना खिशाला सोयीची, पण कामाला कमी. मी ती काढून चाळीसेक सेंटिमीटरची लवचिक अँटेना लावली. घेताना स्क्रू नीट पाहा: अशा बऱ्याच चिनी संचांवर पिन संचाच्या बाजूला असते, तर इतर बऱ्याच संचांवर अँटेनाच्या बाजूला. पहिली अँटेना मी उलट्या प्रकारची मागवली आणि परत पाठवावी लागली. त्याहून मोठा फायदा मात्र फुकटात झाला. साधी मऊ वायर ४९ सेंटिमीटर कापली (दोन मीटरच्या, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडवर पाव तरंगलांबी साधारण तेवढी होते), एका टोकाचं प्लॅस्टिक नखाएवढं सोलून तिचा वेढा अँटेनाच्या बुडाशी, स्क्रूच्या बाहेरच्या धातूला लागेल असा बसवला आणि वायर खाली लोंबत सोडली. याला सगळे शेपटी म्हणतात. आमच्या भागातला रिपीटर (आलेला आवाज पुन्हा पुढे पाठवणारं स्टेशन) घराच्या गॅलरीतून आधी तुटक लागायचा, शेपटी लावल्यावर समोरचे म्हणाले, "आता पूर्ण वाचता येतंय." वायर बसवताना ती मधल्या पिनला टेकणार नाही एवढं सांभाळा.

कळसूबाईवर हीच मांडणी नेली होती. १६४६ मीटर, महाराष्ट्रातली सर्वांत उंच जागा. देवळाच्या मागे वारा लागणार नाही असं उभं राहून १४५.५०० मेगाहर्ट्झवर कॉल साइन (परवान्यासोबत मिळालेली ओळखखूण) देत हाक दिली. तिसऱ्या हाकेला नाशिकहून उत्तर आलं. सरळ रेषेत पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर, मध्ये कुठलाही रिपीटर नाही, मोबाइलचा मनोरा नाही. त्यांनी माझ्या सिग्नलचा रिपोर्ट दिला, मी त्यांचा दिला, आणि माझे हात थरथरत होते. थंडी होतीच, पण थरथर थंडीची नव्हती.

स्वस्तपणा कुठे कळतो तेही सांगतो. सगळ्यात जास्त कळतो ऐकण्यात. या संचांचा रिसीव्हर मोकळ्या डोंगरात छान चालतो, पण जवळ जोरदार प्रक्षेपण असलं की बहिरा होतो. सिंहगडावर मनोऱ्याच्या अंगाला उभा राहिलो तर एरवी स्पष्ट येणारी स्टेशनं गायब झाली. शहरात गच्चीवरही लांब अँटेना लावल्यावर कधी कधी उलटाच परिणाम होतो, कारण नको ते सिग्नलही जोरात आत येतात. तिथे मी आखूड अँटेना परत लावतो.

पावसाचं दुःख जुलैत भोगलं. माझ्या संचाला पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही मानांकन नाही, आणि सह्याद्रीतला पाऊस वरून पडतो तसा आडवाही येतो. माइकच्या बारीक भोकात पाणी गेलं आणि माझा आवाज समोरच्याला हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा जाऊ लागला. मुक्कामी गेल्यावर बॅटरी काढली, संच पुसला आणि ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशींनी तो चुलीपासून हातभर लांब, फळीवर उभा करून ठेवला. सकाळी ठीक झाला. तेव्हापासून पावसात संच झिपच्या जाड पिशवीत. बटण पिशवीवरून दाबता येतं आणि आवाजही पुरेसा जातो. तुमचे ट्रेक मुख्यतः पावसाळीच असतील तर मात्र जास्त पैसे घालून पाणी सोसणारा संचच घ्या. तिथे काटकसर करू नका.

बॅटरी १८०० मिलीअँपिअरची. बरंचसं ऐकणं आणि थोडं बोलणं असा दिवस सहज निघतो, दुसऱ्या दिवशी दुपारी ती मान टाकते. त्रास चार्जिंगचा आहे. संच बैठकीच्या चार्जरवर ठेवावा लागतो, पॉवर बँकेची वायर सरळ लागत नाही. दोन दिवसांच्या रेंज ट्रेकला (एका गडावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या) म्हणूनच मी जादा बॅटरी नेतो. ४४६ च्या जोडीला यूएसबीची सोय आहे आणि ती खूप सोयीची पडते.

घेतल्या घेतल्या मेनूत तीन गोष्टी करा. बटणागणिक बोलणारी बाई बंद करा. किल्ली-कुलूप, म्हणजे कीपॅड लॉक, चालू करा. आणि टाइम आउट टायमर, म्हणजे बटण दबून राहिलं तर प्रक्षेपण आपोआप तोडणारी सोय, साठ सेकंदांवर ठेवा. हे शेवटचं मी केलं नव्हतं, आणि एकदा सॅकच्या पट्ट्याखाली बटण दबून राहिलं. आमच्या भागातला रिपीटर त्यामुळे बराच वेळ अडला. लोकांनी नंतर शांतपणे सांगितलं, पण त्या वेळेत कोणाला खरी मदत हवी असती तर? लॉकने बोलण्याचं बटण बंद होत नाही, म्हणूनच टायमर हवा.

चॅनल संचाच्या बटणांवरून भरणं जिकिरीचं आहे. संगणकावरून चिर्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरा; रिपीटरच्या पाठवायच्या आणि ऐकायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर, टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर), नाव सगळं तक्त्यात दिसतं. केबल मात्र चांगली घ्या. स्वस्त केबलमधल्या नकली चिपमुळे माझा अख्खा रविवार गेला.

मला सर्वांत जास्त आनंद दिला तो गच्चीने. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी रेडिओचा रिपीटर आहे: वर पाठवायला १४५.९९० मेगाहर्ट्झ, सोबत ६७ हर्ट्झचा टोन, आणि खाली ऐकायला ४३७.८००. स्थानक चारशे किलोमीटर वरून इतक्या वेगाने जातं की ऐकायची फ्रिक्वेन्सी सरकत राहते, त्यामुळे मी ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत पाच चॅनल ओळीने भरून ठेवलेत. संध्याकाळी सातच्या सुमाराला पहिल्या चॅनलवर खरखर पातळ झाली, मग एक कॉल साइन, मग दुसरी. आईला हाक मारून वर बोलावलं. अँटेना आडवी-तिरकी करत मी आकाशातल्या त्या चालत्या ठिपक्यामागे वळत होतो आणि आई कानाशी संच धरून म्हणाली, "म्हणजे हा आवाज तिकडून येतोय?" दहा मिनिटांत ठिपका पूर्वेला विझला आणि आवाजही गेला. मी बोललो नाही, नुसतं ऐकलं. अडीच हजारांच्या वस्तूतून!

परवान्याला घाबरू नका. अर्ज सरल संचार या सरकारी संकेतस्थळावरून होतो. परीक्षेत रेडिओचं मूलभूत तंत्र आणि नियम असतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही, जनरलला लागतं. मी वाणिज्य शाखेचा, ओहमचा नियम शाळेनंतर पहिल्यांदा उघडला, आणि तीन महिने रोज तासभर बसून झालं. परवाना हातात येईपर्यंत संच घेऊ नका; हौशी रेडिओला फक्त संच जवळ ठेवायलाही परवाना लागतो.

चौदा महिन्यांनंतर पट्ट्याची क्लिप तुटलीय, पाच आणि आठचे आकडे पुसट झालेत, बोलण्याच्या बटणाचं रबर सैल आहे. बाकी संच ठणठणीत. बहिणीने आता परीक्षेचा अर्ज भरलाय. तिचा परवाना आला की तिच्यासाठी याच प्रकारचा दुसरा संच घेणार, पण बॅटरीलाच यूएसबी-सी असलेला. शेपटीची वायर कापून ठेवलीय.