टिलबर्गमध्ये ग्लोबल लॉ: पहिलं वर्ष संपत आल्यावरचा अनुभव

बारावीनंतर थेट परदेशात लॉ करावं का, असं हल्ली बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. मी नेदरलँड्सच्या टिलबर्ग युनिव्हर्सिटीत ग्लोबल लॉची एलएलबी करतेय, तीन वर्षांचा कोर्स, शिकवणं सगळं इंग्रजीत.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, कारण एजंट लोक यावर अवाक्षर काढत नाहीत. या डिग्रीने तुम्ही आपोआप कुठल्याच देशात वकील होत नाही. इथे वकिली करायची तर डच कायद्याचं शिक्षण लागतं, आणि भारतात बारावीनंतरची तीन वर्षांची परदेशी एलएलबी सरळ चालत नाही, ब्रिज कोर्स (राहिलेली तफावत भरून काढणारा कोर्स) करा, वर परीक्षा द्या. त्यामुळे ज्यांना हायकोर्टात उभं राहायचंय त्यांनी सीईटी नाहीतर क्लॅट देऊन आपली पाच वर्षांचीच करावी, खरंच.

पण शिकवतात काय ते मात्र मला जाम आवडलंय. एका देशाची कलमं पाठ करायची नाहीत, एकच प्रश्न वेगवेगळे देश कसे सोडवतात ते बघायचं. समजा दोन पार्ट्यांची बोलणी महिनोन्महिने चाललीयत, सगळं ठरल्यात जमा आहे आणि ऐनवेळी एकाने अंग काढून घेतलं. इंग्लंडमध्ये १९९२ च्या वॉलफर्ड विरुद्ध माइल्समध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की सद्भावनेने बोलणी करायचं बंधन वगैरे काही नाही, ज्याचं त्याने बघावं. डच सुप्रीम कोर्टाने त्याच्या दहा वर्षं आधी, एका गावच्या स्विमिंग पूलच्या टेंडरवरून झालेल्या केसमध्ये बरोबर उलटं म्हटलेलं, बोलणी फार पुढे गेली असतील तर मोडणाऱ्याने भरपाई द्यायची, प्रसंगी समोरच्याचा बुडालेला नफासुद्धा! आपला १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट इंग्रजी वळणाचा, त्यामुळे मला पहिलंच उत्तर बरोबर वाटायचं, आणि शेजारी बसणाऱ्या जर्मन मुलीला ते चक्क अन्याय वाटायचं. असे वाद वर्ग सुटल्यावरही चालूच राहतात, आणि माझ्या मते अर्धं शिक्षण तिथेच होतं.

दुसरं म्हणजे हेग जवळ आहे, ट्रेनने साधारण सव्वा-दीड तास, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या उघड्या सुनावण्या पीस पॅलेसमध्ये बसून ऐकता येतात. पाकिस्तानने हेर ठरवून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचा खटला इथलाच. भारताचे वकील हरीश साळवेंनी एक रुपया फी घेतली हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीय, पण १७ जुलै २०१९ चा निकाल मी इथे आल्यावर पहिल्यांदा पूर्ण वाचला. पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचं कलम ३६ (परदेशात अटक झालेल्याला आपल्या देशाच्या वकिलातीची मदत मिळण्याचा हक्क) मोडलं हे कोर्टाने मान्य केलं, १५ विरुद्ध १, पण शिक्षा रद्द करून सुटका करा ही भारताची मागणी मान्य केली नाही, पाकिस्तानने शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा एवढंच. घरी बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ प्रश्न विचारत होते.

अभ्यास भरपूर आहे, दर आठवड्याला केसेसचा गठ्ठा, आणि पास होणं नुसतं मार्कांसाठी नाही, वर्षाच्या ६० क्रेडिटपैकी निम्मे तरी मिळाले नाहीत तर रेसिडन्स परमिटवर गदा येऊ शकते. फी आपल्याला युरोपियन मुलांच्या कित्येक पट. पार्टटाइम जॉबवर खर्च निघेल असं कोणी सांगत असेल तर अजिबात धरून चालू नका, आठवड्याला १६ तासांची मर्यादा आहे आणि त्यालाही मालकाने वर्क परमिट काढावं लागतं, म्हणून बरेच जण आपल्याला घेतच नाहीत. रूमचं तर ॲडमिशन पक्कं व्हायच्या आधीपासून बघायला लागा, आणि प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर खोली बघितल्याशिवाय कोणालाही डिपॉझिट पाठवू नका.

करिअरचं म्हणाल तर युएन किंवा हेगच्या कोर्टांमधल्या कायद्याच्या पोस्टना बहुतेक वेळा मास्टर्स लागतंच, म्हणजे पैशांचं गणित तीन नाही, चार-पाच वर्षांचं मांडा. आणि फ्रेंच आत्तापासूनच सुरू करा, आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकृत भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्रान्सेजचे क्लास आहेत, बारावीची परीक्षा झाली की निकालापर्यंतच्या सुट्टीत पहिली लेव्हल आरामात होते.