आकड्यांवरून नख फिरवा

बालेवाडीच्या रेंजवर तपासणीच्या टेबलापाशी लेकीचं पिस्तूल मापाच्या पेटीत बसलं, ट्रिगरनं 500 ग्रॅमचं वजन उचललं आणि आम्ही निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "सिलिंडर काढा जरा." तो त्यांनी उजेडात आडवा धरला आणि तारखेच्या आकड्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. दोनदा. मग चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलं, "कुठून घेतलात हा?"

मी सांगितलं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. "दुसरा असेल तर तोही दाखवा," एवढंच म्हणाले. दुसऱ्याचंही तेच झालं.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या नळीखाली वीतभर लांबीचा एक सिलिंडर असतो आणि त्यात 200 बारपर्यंत हवा दाबून भरतात. मोटारीच्या चाकात सव्वादोन-अडीच बार असते. माझ्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या मनगटापुढं 200 बार. त्यामुळं आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात सिलिंडरला मुदत आहे: बनवणाऱ्यानं दिली असेल ती, पण फार तर 10 वर्षं. आणि ती मुदत बघण्याची जबाबदारी खेळाडूची. म्हणजे तिची, म्हणजे माझी.

आता लाज वाटते ती गोष्ट. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटीत काम करतो. कुठलाही गेज हातात आला की आधी त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख बघायची, हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि घरात आलेल्या दोन सिलिंडरवरची तारीख मी "वाचली" होती, तपासली नव्हती.

झालं असं. पिस्तूल आम्ही एका ओळखीच्या खेळाडूकडून घेतलं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. सोबतचे सिलिंडर मात्र मुदतीच्या काठावर होते, हे त्यानंच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. नव्या सिलिंडरची किंमत ऐकून आम्ही दोघं नवरा-बायको गप्प झालो. तेव्हा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका 'सरां'चा फोटो आला. हिरव्या चादरीवर दोन सिलिंडर, खाली मजकूर: "2019 मेक, मुदत भरपूर, लेकीनं खेळ सोडला म्हणून विकणे." लेकीनं खेळ सोडला, या तीन शब्दांवर मी विकला गेलो म्हणा ना. एका बापाच्या घरातलं सामान दुसऱ्या बापाच्या घरात चाललंय असं वाटलं. दोन्ही मिळून 18,000 रुपये. बिल मागितलं तर, "घरगुती व्यवहार आहे दादा, बिल कशाला?" पैसे यूपीआयनं पाठवले तेव्हा पडद्यावर नाव आलं ते वेगळंच. "मिसेसचं खातं आहे." बरं.

सरांनी आणखी एक सोय करून दिली. "भरायचं काय करणार? रेंजवर दर वेळी रांग असते. माझ्याकडं डायव्हिंगचा 12 लिटरचा सिलिंडर आहे, हायड्रो टेस्ट करून देतो. तो पुण्यात माझ्या माणसाकडून भरून आणायचा आणि घरी त्यावरून छोटे भरायचे." हिशोब बरोबर होता. 12 लिटर गुणिले 200 म्हणजे साध्या दाबाची 2,400 लिटर हवा. छोटा सिलिंडर त्यातून कितीतरी वेळा भरतो, आणि एका भरण्यात दीडशेच्या घरात शॉट निघतात. तो घेतला 22,000 ला. गळ्यावर हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाणी भरून दाब देऊन केलेल्या तपासणीचा, ताजा शिक्का होता. टेस्टचा कागद "कुरिअरनं पाठवतो" म्हणाले. तो कागद अजून वाटेत आहे.

त्या 'माणसा'बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक तारखेला फसतात तसे हवेलाही फसतात. त्याचा कॉम्प्रेसर एका शेडमध्ये होता. मोठा सिलिंडर तो दहा मिनिटांत भरून द्यायचा. हात लावला तर चटका बसावा इतका तापलेला. काटा 200 वर, पैसे 200 बारचे. घरी आणून सकाळी बघावं तर काटा 180 च्या खाली. मला वाटलं गळतोय. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. मग डोक्यात प्रकाश पडला: हवा दाबली की तापते आणि निवली की दाब उतरतो. सावकाश भरून, निवू देऊन, वरून पुन्हा भरायला हवं. तो ते करत नव्हता, कारण वेळ जातो. मोठ्यात 180 असताना छोट्यात 200 कधीच जाणार नाहीत, हे तर उघड आहे.

दुसरी खूण आणखी वाईट होती. एकदा मोठ्याचा व्हॉल्व्ह किंचित उघडून समोर पांढरा रुमाल धरला. रुमाल ओलसर झाला आणि त्याला जळक्या तेलाचा वास आला. कॉम्प्रेसरच्या पुढं ओल आणि तेल धरणारा फिल्टर असतो, त्यातला माल वेळच्या वेळी बदलावा लागतो. इथं तो बदलला जात होता की नव्हताच, देव जाणे. अशी ओल सिलिंडरमध्ये आतून बसते, गंज धरते, आणि बाहेरून काही दिसत नाही. तेल पिस्तुलाच्या रेग्युलेटरच्या, म्हणजे दाब नेमका ठेवणाऱ्या भागाच्या, ओ-रिंगांपर्यंत (रबरी सीलपर्यंत) पोचतं.

आणि एक दिवस तो म्हणाला, "कॉम्प्रेसर बंद आहे, ऑक्सिजनवरून देऊ का? हवाच ती, उलट शुद्ध."

पोरीची स्पर्धा चार दिवसांवर होती. मी "बघतो" म्हणालो, ही खरी गोष्ट. नाही म्हणालो नाही. संध्याकाळी फॅब्रिकेशनमधल्या आमच्या वेल्डरमामांना सहज बोललो तर मामांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. "साहेब, आम्ही ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावत नाही आणि तुम्ही पोरीच्या हातात देणार?" पिस्तुलाच्या सीलना ग्रीस असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आले की पेट घ्यायला ठिणगीची वाट बघत नाहीत, भरता भरता स्फोट होऊ शकतो. हे मला माहीत होतं. कारखान्यात भिंतीवर लिहिलेलं आहे. पण 'एअर पिस्तूल' म्हटलं की ते खेळाचं सामान वाटतं, भिंतीवरचं वाक्य तिथं लागू पडतं असं वाटतच नाही. कुणीही, कितीही ओळखीचा असो, ऑक्सिजन सुचवला तर सिलिंडर उचलून चालू पडा.

बालेवाडीत त्या दिवशी एका ठाण्याच्या मुलीच्या आईनं त्यांचा जादा सिलिंडर दिला. नशीब, कंपनी तीच होती, नाहीतर आटे जुळले नसते. लेक खेळली, डोळे सुजलेल्या अवस्थेत. त्याबद्दल इथं लिहीत नाही, तिनं बजावलंय.

सोमवारी दोन्ही सिलिंडर रिकामे करून मी आमच्या लॅबमध्ये नेले. तिरप्या उजेडात, दहापट भिंगाखाली जे दिसलं ते घरच्या टॉर्चनंही दिसलं असतं. क्रमांकाचे आकडे रंग कापून कोरलेले होते, त्यामुळं त्यांच्यात धातूची पांढुरकी चमक होती. तारखेच्या आकड्यांत मात्र रंग होता, म्हणजे आधी आकडे ठोकले आणि मग वरून रंग मारला. तारखेच्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट होता, पट्टी ठेवली की खालून उजेड दिसत होता. घासून मूळ तारीख काढली होती. एकावर 'दोन शून्य शून्य' एवढे अवशेष शिल्लक होते. शेवटचा आकडा कोणताही धरला तरी 2009 च्या पुढं जात नाही. शिवाय घासताना भिंत किती पातळ झाली असेल ते वेगळंच. डायव्हिंगच्या सिलिंडरवरचा टेस्टचा शिक्का घेऊन एका परवानाधारक टेस्टिंगवाल्याकडं गेलो. त्यांनी बघूनच सांगितलं की असल्या शिक्क्यात टेस्ट करणाऱ्याची खूण असते, इथं नुसता महिना आणि वर्ष आहे. आत छोटा दिवा सोडला तर तळाशी तांबूस थर. पाणी भरून दाब द्यायच्या फंदातही ते पडले नाहीत.

सरांना फोन केला. आधी "बघून घेतलंत ना तुम्ही", मग "मलाही तसेच मिळाले", मग नंबर बंद. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीच्या 1930 या नंबरवर फोन केला, तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन पाच महिने झाले होते. तो फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. पैसे मिळालेले नाहीत.

आता आम्ही रेंजवरच भरतो, रांगेत उभं राहून, सावकाश. भरताना तोंड आणि हात सिलिंडरच्या रेषेत ठेवत नाही, जोडणी काढण्याआधी नळीतला दाब सोडतो. घरी सिलिंडर पिस्तुलातून काढून, थोडा दाब ठेवून कपाटात. अगदी रिकामा ठेवला तर बाहेरची दमट हवा आत शिरते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरायचा नाही, ही जबाबदारी लेकीनं स्वतःकडं घेतली आहे, माझ्यावर विश्वास नाही तिचा. नवा एकच सिलिंडर घेतला, बिलासकट, दुकानात उभं राहून बिलावर क्रमांक आणि उत्पादनाचा महिना लिहून घेतला.

जुने दोन्ही मी ड्रिलवर धरून आरपार भोक पाडून भंगारात टाकले, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या हिरव्या चादरीवर जायला नकोत. मोठ्याचंही तेच केलं, व्हॉल्व्ह काढून.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर फोटो आला. नंबर नवा, नाव नवं, चादर तीच. तीन सिलिंडर, "2021 मेक". मी खाली लिहिलं, "तारखेचा जवळून, तिरप्या उजेडात फोटो टाका." पाच मिनिटांत फोटो गायब झाला. त्या आधी तिघांनी 'किंमत?' विचारलेलं होतं. त्या तिघांना मी एकेक करून फोन केले. दोघांनी उचलला.