जुन्या गाडीच्या रेडिओत ब्लूटूथ बसवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध रहा

जुनी गाडी असणाऱ्यांनी हे नीट वाचा, विशेष करून ज्यांच्या गाडीत त्या काळातला रेडिओ अजून शिल्लक आहे त्यांनी. आमच्यासोबत सांगलीत जे झालं ते उद्या कुणासोबतही होऊ शकतं, कारण असली कामं करतो म्हणणारे आता बरेच झालेत आणि ओरिजिनल रेडिओला किती भाव मिळतो हे मालकापेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं.

गाडी अण्णांची, १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. रेडिओ पाच बटणांचा, फक्त मीडियम वेव्ह. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बटण बाहेर ओढायचं, स्टेशन लावायचं, बटण परत आत दाबायचं, झालं, ते स्टेशन त्या बटणाला पक्कं बसलं. पुढच्या वेळी नुसतं दाबलं की आतल्या कॉइलमधल्या कांड्या सरकतात आणि काटा खटकन जागेवर जातो. अण्णांचं एक बटण कायम १२५१ किलोहर्ट्झवर, म्हणजे आपली सांगली आकाशवाणी. त्यांना एवढंच पाहिजे होतं की मोबाईलमधली नाट्यगीतं त्याच रेडिओतून, त्याच डॅशबोर्डच्या स्पीकरवर ऐकायला यावीत. नवा स्टिरिओ बसवायला डॅशबोर्ड कापायचा नाही हे त्यांनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलेलं.

आम्ही एका कार ऑडिओवाल्याकडे गेलो. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. त्यानं आधी एक एफएम ट्रान्समीटर गळ्यात मारला, आठशे रुपये. आता बघा, तो ट्रान्समीटर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर आवाज सोडतो आणि मीडियम वेव्हचा रेडिओ साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झ एवढंच ऐकतो, म्हणजे ह्या दोघांची गाठ पडणं शक्यच नाही, आणि रोज हाच धंदा करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही. वाजला नाही म्हणल्यावर लगेच म्हणाला, "काका, तुमचा रेडिओच गेलाय, उघडावा लागंल, आत ब्लूटूथ बसवून देतो, बाहेरनं तसाच दिसंल." आदल्या रविवारपर्यंत बातम्या लागत होत्या, अण्णांनी तसं सांगितलंसुद्धा. पण साडेसहा हजारात सगळं ओरिजिनल ठेवून करून देतो असा शब्द दिला आणि रेडिओ काढून ठेवून घेतला. पावतीवर फक्त "ऑडिओ काम".

रेडिओ परत बसवून मिळाला तेव्हा दिसायला अगदी तसाच. डायलचा दिवा लागला, मोबाईल जोडला गेला, गाणंही वाजलं. पण अण्णांनी आकाशवाणीचं बटण दाबलं तर ते नुसतं आत गेलं आणि बाहेर आलं, काटा जागचा हललाच नाही. घरी आल्यावर मी वरचं झाकण काढलं. आत कॉइल नाही, कांड्या नाहीत, स्पीकरला आवाज पुरवणारा, मागं पत्र्याला बोल्ट केलेला मोठा जर्मेनियमचा पॉवर ट्रान्झिस्टर असायचा तो नाही. काडेपेटीएवढी एक ब्लूटूथची पट्टी गरम गोंदानं चिकटवलेली आणि बाकी सगळा पोकळ डबा. अण्णा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवण नीट गेलं नाही त्यांना.

विचारायला गेलो तर म्हणे जुना माल खराब होता, भंगारात गेला. हे धादांत खोटं. कारण नंतर एका विक्रीच्या जाहिरातीत "फियाट ओरिजिनल रेडिओ चेसिस, चालू स्थितीत" (चेसिस म्हणजे रेडिओच्या आतला सगळा सांगाडा) म्हणून फोटो दिसला आणि आतल्या पत्र्यावर मिरजेच्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, अर्धी फाडलेली, शाईनं लिहिलेले आमच्या गाडीच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे स्पष्ट. २०१९ च्या महापुरानंतर ओल लागली म्हणून रेडिओ उघडून वाळवला होता तेव्हाचा फोटो आमच्याकडे आहे, त्यात हीच चिठ्ठी अख्खी दिसते. मी चौकशी केल्यावर जाहिरात तासाभरात गायब. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आता खरं काम कसं होतं ते त्या मिरजेच्या काकांनीच मला समजावलं, ते ऐका म्हणजे तुम्हाला समोरच्याला चार प्रश्न विचारता येतील. रेडिओतला एकही भाग काढायची गरज नसते. व्हॉल्यूमच्या पॉटला (नॉबमागचा आवाज कमीजास्त करणारा भाग) डिटेक्टरकडून, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाकडून, जिथं आवाज येतो तिथं बाहेरचा आवाज द्यायचा, मध्ये एक कपॅसिटर, आणि मोबाईलचे लेफ्ट राइट डायरेक्ट जोडायचे नाहीत, दोन्हीला एकेक रेझिस्टर लावून मग एकत्र करायचे कारण रेडिओ मोनो असतो. शिल्डेड वायर आणि एक छोटा स्विच, बास. स्विच रेडिओवर केला की आकाशवाणी, इकडं केला की मोबाईल, आणि व्हॉल्यूम त्याच जुन्या नॉबनं. रेडिओ उघडायचाच नसेल तर एरियलच्या सॉकेटला लावायचा एएम मॉड्युलेटर मिळतो, तो मोबाईलचा आवाज मीडियम वेव्हवर चढवून देतो, आवाज जरा दबका येतो पण जुन्या गाण्यांना चालतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, आवाज कुठं देणार? उत्तर गोलमोल आलं की तिथनं उठा. आणि काम शक्यतो समोर बसून करून घ्या.

काम झाल्यावर मोबाईल बंद करून इंजिन चालू ठेवा आणि रेडिओ फिरवून बघा. खऱ्या मीडियम वेव्ह सेटमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये खरखर येते, प्लगच्या ठिणगीची टरटरही थोडीफार ऐकू येते आणि एक्सलेटर दाबला की ती वाढते. नुसती शांतता असेल तर झाकण काढायला लावा. रेडिओ देण्याआधी वजन आणि आतले फोटो घ्या, पावतीवर "मूळ भागांसह परत" असं लिहून घ्या.

साताऱ्याचा एक मित्र मॉरिस मायनर बाळगून आहे, त्याला मी मुद्दाम सांगितलं की तुझ्या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॉडी प्लस असते, तिथं आजचा चार्जर आणि ब्लूटूथ साध्या पद्धतीनं जोडला तर शॉर्ट होऊन रेडिओ नाहीतर मोबाईल उडतो. आवाजाच्या वायरीमध्ये दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पाहिजे किंवा ब्लूटूथ स्वतःच्या बॅटरीवर चालणारा पाहिजे. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा रेडिओ असेल तर आत दोनशे व्होल्टच्या आसपास असतं, घरी उघडून हात घालू नका.

आम्ही १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे, पोलिसांतही अर्ज दिलाय, वकिलांचं म्हणणं विश्वासघाताचं कलम लागतं, भारतीय न्याय संहितेतलं ३१६. पैसे परत मिळाले तरी अण्णांना ते नकोत, त्यांना चेसिस पाहिजे. फियाटचा पाच बटणी रेडिओ, पुढची डायलची बाजू नसलेला, आत पिवळ्या चिठ्ठीचा तुकडा किंवा ती खरवडून काढल्याची खूण, असा कुणाला विकायला आलेला दिसला तर कृपया घेऊ नका, आधी मला कळवा.