गूढकथा आणि कवितांसाठी ई-रीडर : मृगापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

सहा इंची ई-रीडर मी गूढकथा, विज्ञानकथा आणि कविता वाचण्यासाठीच घेतला. घर वेंगुर्ल्यात, समुद्राला लागून. आख्खा पावसाळा रोज वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: अशा कथेसाठी हे यंत्र छापील पुस्तकापेक्षा सरस आहे. कवितेसाठी मात्र अजून नाही.

छापील पुस्तकात किती पानं उरलीत हे बोटांना कळत असतं. शेवटची दोन पानं आली की आता कलाटणी येणार, हे मन ओळखतं आणि सावध होतं. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा वाचताना ही सावधगिरीच घात करते. ई-रीडरवर तळाचा टक्क्यांचा आकडा सेटिंगमधून बंद केला की कथा कुठे संपणार, याचा पत्ता लागत नाही. देवचाराच्या, राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तींच्या गोष्टी आम्ही घरात तोंडीच ऐकल्या. त्या कधी संपतील हेही कळायचं नाही, आणि भीती त्यातच होती. दिवाळी अंकात तर शीर्षकाशेजारच्या चित्रातच बरेचदा अर्धं रहस्य फुटतं. इथे नुसता मजकूर समोर येतो.

अनेक लेखकांच्या संग्रहात मी आता अनुक्रमणिका न उघडता पुढे वाचत जाते, लेखकाचं नाव शेवटी बघते. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली होती. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. वाचकानंही कथेला तशी संधी द्यावी असं मला मनापासून वाटतं.

बॅटरीची चिंता नाही. या पडद्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात आणि वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते. त्यामुळे पावसात लाईट गेली तरी वाचन थांबत नाही. बुरशी आणि कसर यांचा त्रास संपला, हेही इथल्या माणसाला सांगायला हवं. खाऱ्या हवेत चार्जिंगचा पोर्ट तेवढा जपा. मी रीडर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते.

आता कविता. आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, आमच्याच भागातले, बागलांची राईचे. त्यांची कविता इथे वाचायची फार हौस होती. पण अक्षर डोळ्यांना सोसेल इतकं मोठं केलं की ओळ मध्येच मोडते. अभंगात निभावतं, कारण 6-6-6-4 अक्षरांचे चरण कानाला माहीत असतात. ओळ कुठेही मोडली तरी ताल सापडतो. मुक्तछंदात ओळ कुठे तोडायची एवढंच कवीच्या हाती असतं. कवीनं तोडलेली ओळ कुठली आणि पडद्यानं तोडलेली कुठली, हेच कळेनासं झालं तर आपण भलतीच कविता वाचत असतो. विचित्र, स्वप्नासारख्या कवितेत तर हे जास्तच जाणवतं, कारण तिथे अर्थावरूनही अंदाज बांधता येत नाही.

रीडर आडवा धरला की बऱ्याच ओळी पुऱ्या बसतात. त्याहून चांगला उपाय प्रकाशकांच्या हाती आहे: मोडलेल्या ओळीचा उरलेला भाग आत सरकवून छापायचा, म्हणजे ती वेगळी ओळ नाही हे दिसतं. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात हे सहज करता येतं. स्कॅन केलेली पीडीएफ ओळी मोडत नाही, पण सहा इंचावर अक्षर इतकं बारीक होतं की रफार आणि अनुस्वार ओळखू येत नाहीत.

म्हणून कथासंग्रह बेलाशक ई-आवृत्तीत घ्या. कवितासंग्रह घेण्याआधी त्याचा नमुना रीडरवर उतरवून घ्या, अक्षर दोन पायऱ्या मोठं करा आणि सर्वांत लांब ओळीचं काय होतं ते पाहा. ती नीट आत सरकत नसेल तर छापील प्रतच मागवा.