बर्डीत शिवलेला टक्सिडो, क्रूझच्या फॉर्मल नाइटसाठी

क्रूझसाठी टक्सिडो हवा असेल तर नागपुरात तो शिवूनच घ्या, आणि सुटाचं काम हातानं करणाऱ्या जुन्या मास्टरकडूनच घ्या. आमच्या यांचा टक्सिडो बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर ३ या गल्लीत वरच्या मजल्यावर बसणाऱ्या एका मास्टरनी शिवला. तो जहाजावर घालून, परत आणून, ड्रायक्लीन करूनही झाला आहे, त्यामुळे आता त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिता येतं. मी स्वतः बरीच वर्षं शिवणाचे क्लास घेतले. कोटाचं काम माझं नाही, पण काज आणि शिवण बघितली की हात कसा आहे ते मला कळतं.

पैसे घालण्याआधी कंपनीचे नियम वाचा, कारण प्रत्येक जहाजावर टक्सिडो लागत नाही. आम्ही क्युनार्ड कंपनीच्या जहाजानं साउथहॅम्प्टनहून नॉर्वेला गेलो. त्यांच्याकडे गाला इव्हनिंग असते. त्या दिवशी संध्याकाळी सहानंतर मोठ्या डायनिंग हॉलमध्ये आणि बॉलरूममध्ये पुरुषांना टक्सिडो, डिनर जॅकेट किंवा गडद सूट लागतो, आणि गळ्यात बो नाहीतर टाय. ज्यांना नटायचं नसेल त्यांच्यासाठी बुफे असतो. प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवरही फॉर्मल नाइट असतात. सेलिब्रिटी कंपनीनं मात्र ही पद्धत २०१५ मध्येच सैल केली, आणि नॉर्वेजियन क्रूझ लाइनवर सक्ती नसतेच. क्युनार्डला देशी औपचारिक पोशाखही चालतो. मी पैठणी नेसले, आणि यांनी बंदगळा घातला असता तरी कोणी हरकत घेतली नसती. पण यांची नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली, बॉयलरच्या उष्णतेत आणि राखेत. रिटायर झाल्यावर एकदा तरी काळा बो बांधून जेवायला बसायचं, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. मला ती फार आवडली, म्हणून मीही पूर्ण लक्ष घातलं.

सुरुवातीला आम्ही तयार माल बघितला. नागपुरात टक्सिडो या नावानं जे मिळतं ते रिसेप्शनच्या नवरदेवासाठी असतं. मखमल, जरीचं काम, खड्यांची बटणं, पूर्ण कोटालाच चमक. नवरदेवाला ते शोभतं, कारण त्यानं स्टेजवर उठून दिसायचंच असतं. क्रूझवरचा टक्सिडो शांत हवा. त्याचं कापड उजेड गिळणारं असतं आणि चमक फक्त कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर म्हणजे लॅपलवर, बटणावर आणि पँटच्या बाजूच्या पट्टीवर असते. भाड्याच्या दुकानांत हीच अडचण, शिवाय भाडं दिवसावर. नागपुरातून विमान, मग पुढचं विमान, लेकीकडे मुक्काम, मग जहाज आणि परतीचा प्रवास, एवढे दिवस भाडं भरायचं आणि कोटाला सुई लावायची परवानगी नाही. यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. भाड्याच्या कोटात तो खांदा लपत नाही.

मास्टरकडे जाताना गाडी नेऊ नका. सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रोनं उतरा आणि चालत जा. जिना उभा आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी कठड्याला धरून चढावं. वर दोन मशीन, कापायचं लांब टेबल आणि एक आरसा. ट्रायलला पडदा आहे, खोली नाही, आणि बसायला एकच स्टूल. दुकानाची गैरसोय आहे, ते मी स्पष्ट सांगते. मास्टरनी पहिल्यांदा विचारलं ते असं: "साहेब, लग्नाचं नाही ना? मग चमकीचं कापड कायले घेता?" तिथंच माझा जीव भांड्यात पडला.

कापड आम्ही बाहेरून आणलं. शुद्ध लोकरीचं, मीटरला साधारण अडीचशे ग्रॅम वजनाचं, मिडनाइट ब्लू. दिव्याच्या पिवळ्या उजेडात काळं कापड जरा विटकं, हिरवट दिसू शकतं. हा गडद निळा मात्र रात्री काळ्यापेक्षा काळा दिसतो. सुपर १०० आणि सुपर १५० यांतला आकडा लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतो. आकडा मोठा तेवढं कापड मऊ, पण नाजूक आणि चुरगळणारं. प्रवासाला सुपर ११०–१२० पुरे. आम्ही रेमंडचं घेतलं. त्यांची मोठी गिरणी आपल्या शेजारी, पूर्वीच्या छिंदवाडा, आताच्या पांढुर्णा जिल्ह्यात सौंसरजवळच्या बोरगावला आहे, त्यामुळे जवळचं कापड असल्यासारखं मला वाटलं. एका दुकानात मात्र "प्युअर वूल" सांगून वेगळंच दाखवत होते. मी कडेचा एक धागा ओढून काडीनं जाळला. लोकर जळाली तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरता येते. हा धागा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. आम्ही उठून आलो. कापड घेताना ही परीक्षा करायला लाजू नका, चांगला दुकानदार स्वतः काडीपेटी पुढे करतो.

सॅटिनवर मात्र आम्ही पुरता वेळ घातला. अस्तराच्या दुकानांत मिळणारं साधं सॅटिन ट्यूबलाइटखाली आरशासारखं चमकतं. मास्टरनी तीन तुकडे आणले, टेबलावर ठेवून निळ्या कापडाची घडी शेजारी लावली आणि दिवा बंद केला. खिडकीच्या उजेडात दोन तुकडे पांढरट दिसले. तिसरा जाड होता आणि त्याची चमक आतून आल्यासारखी, मंद. तोच घेतला. मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी मला माहीत होती, पण इतकी नीट पाहिलेली नव्हती. त्याच तुकड्याचे दोन भाग करून एक उभा आणि एक आडवा ठेवला. रंग एकच, तरी एक भाग काळाभोर आणि दुसरा राखाडी. सॅटिनची चमक धाग्याच्या दिशेवर असते. डावी-उजवी लॅपल वेगवेगळ्या दिशेनं कापली तर फोटोत कोट दोन रंगांचा वाटतो. मास्टरनी दोन्ही लॅपल एकाच दिशेनं बेतल्या, त्यात कापड वाया गेलं आणि त्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

लॅपलचा आकार टोकदार, वर उठणारा, म्हणजे पीक. यांची उंची बेताची आणि पोट थोडं पुढे, त्यामुळे टोकाची लॅपल नजर वर खांद्याकडे नेते. गोल, शालीसारखी लॅपलही टक्सिडोला शोभते, पण भरलेल्या अंगावर ती अंग आणखी गोल दाखवते. बटण एकच, सॅटिननं मढवलेलं. खिशांना फ्लॅप नको, नुसती बारीक पट्टी. मागे कट नाही. आतला कॅनव्हास, म्हणजे छातीला आकार देणारा मधला थर, खरा हवा, चिकटवलेली फ्युजिंग नको, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फ्युजिंगचा कोट दोन-चार ड्रायक्लीनमध्ये छातीवर बुडबुडे धरू शकतो. तयार कोट बघायला गेलात तर खालच्या बटणाजवळ कापड आणि अस्तर दोन चिमटींत धरून हलकं ओढा. मध्ये सुटा तिसरा थर हाताला लागला तर कॅनव्हास आहे.

कच्च्या शिलाईच्या ट्रायलला कोट पांढऱ्या धाग्यांनी टाचलेला होता. मानेमागे शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यांच्यात बोटभर फट दिसत होती. मास्टर काही बोलले नाहीत. खडूनं रेघ मारली, मानेची शिवण तिथेच उसवली, पिना लावल्या आणि यांना हात पुढे-मागे करायला लावलं. डाव्या खांद्यात कापसाचा एक थर जास्त घातला. पुढच्या ट्रायलला मागून पाहिलं तर दोन्ही खांदे एका ओळीत होते. लग्नात, मुलाच्या मुंजीत, मुलीच्या बारशात घातलेल्या एकाही कोटात मी यांना असं पाहिलं नव्हतं.

पँटीत मास्टरच्या कारागिरानं सवयीनं बेल्टच्या लूप लावल्या होत्या. टक्सिडोच्या पँटीला लूप नसतात. मास्टरनी आमच्यासमोर त्या काढल्या, कमरेला दोन्ही बाजूंना ओढून घट्ट करायच्या पट्ट्या लावल्या आणि आत गॅलिससाठी बटणं. पँटची कंबर उंच ठेवा, नाभीजवळ. खाली ठेवली तर कोटाच्या एका बटणाखाली पांढरा शर्ट त्रिकोणी डोकावतो आणि सगळी शोभा जाते. ती जागा झाकायला कमरपट्टा म्हणजे कमरबंद, चुण्या वरच्या दिशेनं ठेवून, नाहीतर खोल गळ्याचं वेस्टकोट. दोन्ही एकत्र नाही. खाली मोहरीला दुमड नको.

शर्ट दुसऱ्या टेलरकडे शिवला, ते नाव घेण्यासारखं काम झालं नाही. छातीवरचं दाणेदार विणीचं कापड तिरकं लावलं होतं आणि दुहेरी कफची काजं इतकी लहान की कफलिंक जाईना. काजं मीच घरी नीट केली. शर्टाचे काम सांगताना कफलिंक सोबत न्या आणि त्यावरच काज कापायला लावा. बो तयार, हुकाचा घेऊ नका. कोटाच्या उरलेल्या सॅटिनचा बो मी शिवला, त्यामुळे तो लॅपलशी तंतोतंत जुळला. बांधायचा सराव करायला हे दुपारी जेवण झालं की आरशासमोर बसत. बुटाच्या नाडीची जी गाठ, तीच ही गाठ, फक्त गळ्याशी. बूट यांचे जुने काळे ऑक्सफर्डच, पॉलिश करून. चकचकीत पेटंट लेदर हवंच असं नाही.

शिलाई अस्तर, कॅनव्हास आणि सॅटिन धरून बारा हजार पडली, कापड वेगळं. अर्धे पैसे आधी द्यावे लागतात. मशीनवर पटकन शिवून देणारे यापेक्षा कमी घेतात. हा कोट आतून उलटा करून बघितला की फरक कुठे गेला ते दिसतं, बाहीचा मुंढा हातानं बसवलेला आहे.

जहाजाचं सांगायचं तर कोट मोठ्या बॅगेत टाकू नका. बंदरावर दिलेल्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते, आणि विमानात बॅग चुकली तर नॉर्वेत टक्सिडो कुठून आणणार? आम्ही तो हातातल्या बॅगेत नेला. एक खांदा उलटा करून दुसऱ्यात बसवला आणि मध्ये जुनी सुती ओढणी ठेवली. केबिनमध्ये इस्त्री वापरायला बहुतेक जहाजांवर बंदी असते, आगीच्या भीतीनं. क्युनार्डवर प्रवाशांसाठी लाँड्री खोल्या आहेत, तिथे इस्त्री मिळते. आम्हाला कोटासाठी गरज पडली नाही. अंघोळीच्या वाफेत रात्रभर टांगला आणि सुरकुत्या उतरल्या. लोकरीचा हाही फायदा. शर्टाला मात्र इस्त्री केली.

पहिल्या गाला इव्हनिंगला डायनिंग हॉलच्या दिव्यांत मी लांबून पाहिलं. निळा कोट काळाभोर दिसत होता, दोन्ही लॅपल एकसारख्या, कॉलर मानेला चिकटलेली. आसपास काही चकचकीत पॉलिस्टरचे कोट होते, दिव्याखाली ते पाठीवर पांढरे पडत होते. हे बराच वेळ जेवले, नंतर बॉलरूममध्ये माझ्यासोबत नाचलेही, आणि पँट एकदाही वर ओढावी लागली नाही. शेजारच्या टेबलावरच्या एका इंग्रज आजोबांनी कोट लंडनला शिवला का म्हणून विचारलं. यांनी "नागपूर" म्हणून सांगितलं, आणि बर्डीबद्दलही सांगत बसले.

परतल्यावर ड्रायक्लीन एकदाच केलं. वापर झाला की प्रत्येक वेळी देऊ नका, ब्रश मारा आणि हवेत टांगा. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलं तर पावसाळ्यात बुरशी धरते, जुन्या सुती साडीची पिशवी शिवून त्यात ठेवा, सोबत कडुनिंबाची वाळलेली पानं. शिवणीत मास्टरनी दीड इंच मार्जिन ठेवलं आहे, पुढे कंबर वाढली तर सोडवता येईल. मुलाच्या रिसेप्शनला हाच कोट निघेल.

मास्टरकडे जायचं असेल तर पौषात जा. लग्नं नसतात, टेबल रिकामं असतं, ट्रायलला ते तुम्हाला हवा तेवढा वेळ देतात. माघ लागला की दारात रांग असते आणि तारीख दोनदा पुढे ढकलली जाते.