व्हॉट्सॲप ग्रुप की आठवड्याची मेल? आयसीयू आणि पॅलिएटिव्हमधलं नवं वाचायचं कुठून

आयसीयूची किंवा पॅलिएटिव्हची (असाध्य आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) फेलोशिप आटोपून मोठ्या शहरातून जिल्ह्याच्या गावी आलेला ज्युनिअर चार-सहा महिन्यांत एकदा तरी विचारतोच, "सर, इथे अपडेट कसं राहायचं?" तिकडे असताना त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. राउंडला कोणी ना कोणी कालचा पेपर काढतंच, नाही काढला तर वरचे सर काढायला लावतात. इथे राउंडला आपण, सिस्टर, आणि दाराबाहेर बिलाचा आकडा विचारणारे नातेवाईक. मग आमच्याकडचे जवळपास सगळे दोनपैकी एका वाटेने जातात. एक म्हणजे डॉक्टरांचे व्हॉट्सॲप ग्रुप. दुसरी, मेलवर येणारे साप्ताहिक आढावे आणि पबमेडचे, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीचे, अलर्ट. मी दोन्ही वापरलेत. ग्रुपवर काही वर्षं पूर्ण भिस्त होती, आता मेलवर आहे. ग्रुप सोडलेला नाही, म्यूट केलाय. माझा कल एवढ्यावरूनच कळेल, तरी ग्रुपची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही.

१६ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या कोविडवरच्या रिकव्हरी चाचणीतला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा निकाल नुसत्या प्रेसनोटने जाहीर झाला. मला तो संध्याकाळच्या राउंडमध्ये ग्रुपवर मिळाला. रीतसर पेपर जुलैमध्ये आला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर, आणि औषध कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेही मिळणारं. त्या आठवड्यात रविवारच्या मेलची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) आणि उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली खरी, पण मेडिकल बोर्डावरच्या तज्ज्ञांना वीस वर्षांचा अनुभव हवा अशी अट होती. आमच्यासारख्या गावात असे तीन जण एका टेबलाशी बसवायचे म्हणजे मुहूर्त काढूनही जमायचं नाही. २४ जानेवारी २०२३ ला ती अट पाच वर्षांवर आली, बोर्डाने साधारण ४८ तासांत मत द्यावं असं ठरलं, आणि विलवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या ऐवजी नोटरीची सही चालू लागली. हे मला कुठल्याही जर्नलच्या अलर्टने आधी सांगितलं नाही. ग्रुपवर एका भूलतज्ज्ञ मॅडमनी मराठीत चार ओळींत लिहिलं, आणि मी त्या चार ओळींचा प्रिंट काढून ड्यूटी रूममध्ये लावला.

शिवाय ग्रुपवर माणसं असतात. रात्री दोनला प्रश्न टाकला तर अडीचला कोणीतरी जागं सापडतं. मेल जागी नसते.

आता बिनसलं कुठे ते. कोविडच्या त्याच काळात, मे २०२० मध्ये, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा सर्जिस्फिअर या कंपनीच्या आकडेवारीवर बेतलेला पेपर लॅन्सेटमध्ये आला आणि ४ जूनला मागेही घेतला गेला. आमच्या ग्रुपवर पेपर दहा वेळा फिरला. मागे घेतल्याची बातमी एकदा, तीही गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली. पबमेडवर अशा नोंदीच्या डोक्यावर शेरा बसतो आणि तो कायमचा राहतो. फोटोवर शेरा बसत नाही. पण हे एक वेळ मी सोडून दिलं असतं. महामारीत सगळेच पळत होते.

माझ्यासाठी काटा फिरवला तो कापलेल्या फोटोने.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एड-आयसीयू चाचणी आली. आयसीयूतल्या डेलिरियमला (आजारपणात अचानक येणाऱ्या भ्रमाला) शिरेतून हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारांवरचं औषध द्यावं की नुसतं सलाइन, असा साधा प्रश्न आणि हजार पेशंट. ९० दिवसांत पेशंट जिवंत आणि हॉस्पिटलबाहेर किती दिवस राहिला, हे त्यांनी मोजलं होतं. हॅलोपेरिडॉलवाल्यांचे दिवस ३५.८, प्लासिबोवाल्यांचे, म्हणजे नुसत्या सलाइनवाल्यांचे, ३२.९. संख्याशास्त्राच्या हिशेबाने फरक नाही. ९० दिवसांतले मृत्यू मात्र हॅलोपेरिडॉलच्या बाजूला कमीच होते, ३६.३ टक्के विरुद्ध ४३.३. यावर ग्रुपवर चर्चा पेटली, आणि त्या गदारोळात कोणीतरी एक आलेख टाकला. किती पेशंट जिवंत आहेत ते दाखवणाऱ्या दोन रेघा, त्यातली हॅलोपेरिडॉलची झपाट्याने खाली उतरणारी, आणि खाली मजकूर: "हॅलोपेरिडॉलने पेशंट लवकर जातात." फोटोला वरची कडा नव्हती, म्हणजे शीर्षक आणि साल नव्हतं. खालची कडाही नव्हती, म्हणजे तळटीप नव्हती. मी जेवता जेवता तो बघितला आणि आमच्या आरएमओंच्या (ड्यूटीवरच्या ज्युनिअर डॉक्टरांच्या) छोट्या ग्रुपवर पुढे ढकलला. वर अंगठाही दिला.

त्या रात्री बेड पाचवर सेप्सिसमधून (अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गातून) सावरणारे एक काका होते. डेलिरियम होता, हॅलोपेरिडॉल लहान डोसमध्ये चालू होतं. आरएमओने आलेख पाहिला आणि औषध बंद केलं. प्रामाणिक मुलगा, केसपेपरवर कारणही लिहिलं. दुसरं काही सुरू केलं नाही, मला फोनही केला नाही, कारण आलेख माझ्याकडूनच आला होता. पहाटे काकांनी नाकातली रायल्स ट्यूब ओढली, मग धमनीतली नळी, ए-लाइन. चादर रक्ताने भरली तेव्हा मला उठवलं. काका पुढे बरे होऊन घरी गेले. औषध चालू असतं तर असं झालं नसतं, असंही मी म्हणणार नाही. एड-आयसीयूचाच निकाल डोळ्यांपुढे असताना ते म्हणणं शोभायचंही नाही. पण आलेख नेमका कशाचा होता, हे शोधायला मला दुसऱ्या दिवशी दुपार झाली.

तो २०१७ चा, ऑस्ट्रेलियातला निघाला. ११ पॅलिएटिव्ह केअर केंद्रं, २४७ पेशंट, सरासरी वय पंचाहत्तरीच्या आसपास, सगळे असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यातले. औषध तोंडाने. त्या लोकांमध्ये हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन दोन्ही प्लासिबोपेक्षा वाईट ठरली, आणि हॅलोपेरिडॉलवाले लवकर गेले हेही खरं. अभ्यास चांगला आहे. मी तो आज आमच्या पॅलिएटिव्ह पेशंटसाठी पाळतो. सांत्वनाचा शब्द, खिडकीजवळची खाट, चष्मा, कवळी, ओळखीचा माणूस उशाशी, हे आधी. फक्त तो बेड पाचवरच्या काकांचा अभ्यास नव्हता.

आपल्या दोन्ही शाखांची गोची इथेच आहे. औषधं तीच, ॲम्प्यूल तेच, सिस्टरच्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवलेले. मॉर्फिन, मिडॅझोलाम, हॅलोपेरिडॉल. पण एका खाटेवर आपण माणूस परत आणायला बघत असतो आणि पलीकडच्या खाटेवर त्याला सुखाने जाऊ द्यायला. निकालाबरोबर खाट कुठली होती ते कळलं नाही, तर निकाल कामाचा नाही. आणि व्हॉट्सॲपवर पहिल्यांदा कापली जाते ती खाट.

मेलवर गेलो तेव्हा फार काही रचना केली नाही. बेलफास्टहून निघणारा 'क्रिटिकल केअर रिव्ह्यूज'चा साप्ताहिक अंक लावून घेतला. त्यात आठवड्यातल्या पेपरांची यादी दुव्यांसकट येते. पबमेडवर खातं उघडून दोन शोध जतन केले आणि आठवड्याला एकदा मेल यावी असं ठेवलं. पहिला शोध मी हावरटासारखा नुसता 'पॅलिएटिव्ह केअर' एवढाच ठेवला होता. पहिल्याच मेलने पेटी बुजली. मग शीर्षकात 'पॅलिएटिव्ह' किंवा 'एंड ऑफ लाइफ' हवंच आणि सारांशात 'इंटेन्सिव्ह केअर' हवंच, असं आवळलं. आता आठवड्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं येतं. दुसरा शोध डेलिरियम, धाप आणि शेवटच्या दिवसांतली लक्षणं यांच्यासाठी. हा वेगळा ठेवावा लागतो, कारण माझ्या अनुभवात आयसीयूवाल्यांच्या आढाव्यात पॅलिएटिव्हचा नंबर शेवटी लागतो, जेवणातल्या पापडासारखा.

त्याशिवाय आपली दोन जर्नलं, इंडियन जर्नल ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन आणि इंडियन जर्नल ऑफ पॅलिएटिव्ह केअर. दोन्ही फुकट वाचता येतात. आयएससीसीएम (आयसीयूवाल्यांची) आणि आयएपीसी (पॅलिएटिव्हवाल्यांची) या दोन संघटनांचा शेवटच्या दिवसांतल्या काळजीवरचा २०१४ चा एकत्र मसुदा पहिल्यात आहे, २०२४ चं निवेदनही तिथेच. नातेवाईक डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) लिहून पेशंट घरी नेतात तेव्हा नेमकं काय करायचं, याचं उत्तर बोस्टनच्या पेपरात कशाला सापडेल?

मेलचे वैताग नाहीत असं नाही. आठवडा चुकला की दोन अंक साचतात, तीन साचले की माणूस सगळेच पुसून टाकतो. मी दोनदा पुसलेत. निम्म्या दुव्यांपुढे पैशाची भिंत उभी असते. बोस्टनच्या 'न्यू इंग्लंड जर्नल'चे संशोधन लेख सहा महिन्यांनी नोंदणी करून उघडतात, बाकीच्यांसाठी मी सरळ लेखकाला दोन ओळींची मेल टाकतो आणि बहुतेक जण पीडीएफ पाठवतात. आळस नडतो तो आपला.

मेलमुळे मला मिळालं आणि ग्रुपवर कधीच मिळालं नसतं, असं एकच उदाहरण देतो. आमच्याकडे पेशंट गेल्यावर घरच्यांना हॉस्पिटलतर्फे छापील सांत्वनपत्र पाठवायचं घाटत होतं. मलाही ते पटलं होतं, मजकूरही तयार होता. पबमेडच्या अलर्टमध्ये एका नव्या लेखाच्या शेजारून २०१७ ची फ्रान्समधली चाचणी हाती लागली: २२ आयसीयू, काही कुटुंबांना डॉक्टरांच्या हातचं पत्र, काहींना नाही. पत्राने दुःख हलकं झालं नाही. सहा महिन्यांनी पत्र मिळालेल्यांमध्ये नैराश्याची आणि आघाताची लक्षणं उलट जास्त दिसली. आपल्याकडची घरं वेगळी, शोक करायची रीत वेगळी, तेराव्यापर्यंत माणूस एकटा नसतोच, तेव्हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. तरी आम्ही पत्र थांबवलं. आता सिस्टर तेराव्यानंतर एक फोन करते आणि समोरचा बोलला तर ऐकते. हा पेपर ग्रुपवर कोणी टाकला नसता, कारण त्यात ना औषध आहे, ना मशीन, ना भांडण.

बाकीचे पर्याय झटपट. पॉडकास्ट लांबच्या प्रवासात छान. पॅलिएटिव्हसाठी 'जेरिपॅल' ऐकण्यासारखं आहे, पण गाडी चालवताना आकडा ऐकला की तो पुढच्या टोलनाक्यापर्यंतच टिकतो. जर्नल क्लब, म्हणजे एकत्र बसून पेपर वाचणं, मला मनापासून आवडतो. आमचा दर महिन्याला होता. औषध कंपनीने जेवण द्यायला सुरुवात केल्यावर माणसं वाढली आणि पेपर मागे पडला, पुढे नुसतं जेवण उरलं.

तर ठरवताना असं बघा. तुमच्या युनिटमध्ये पाच-सहा जण असतील, त्यातला एक तरी मूळ पेपर उघडणारा असेल, तर ग्रुप पुरेल. तो माणूस मात्र जपा. तुम्ही एकटे असाल, किंवा तुमच्या शब्दावर रात्रीची ड्यूटी चालत असेल, तर माझं मत मेलच्या बाजूने पडेल. आणि आयसीयूबरोबर पॅलिएटिव्हही तुमच्याच गळ्यात असेल, तर मला फारसा विचार करावा लागत नाही. ग्रुप बातमीसाठी ठेवा. बातमी आली की पबमेडवर शीर्षक टाकून पेशंट कोण होते एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मिळेपर्यंत पुढे पाठवू नका.

मी आता दोनशे पानी वही ठेवलीये. डाव्या पानावर निकाल, उजव्या पानावर पेशंट. मागच्या महिन्यात रात्री सिस्टरचा फोन आला. यकृताच्या कॅन्सरच्या आजी, घरघर लागली होती आणि मुलाला तो आवाज सहन होत नव्हता. "सर, बस्कोपॅन लावू? आपणच म्हणाला होतात, डच लोकांनी सिद्ध केलंय." मी घरी होतो, वही हाताशीच होती. डाव्या पानावर: सायलेन्स चाचणी, २०२१, नेदरलँड्समधली ६ हॉस्पिसेस, १५७ पेशंट, बस्कोपॅन त्वचेखाली २० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, घरघर २७ टक्क्यांऐवजी १३ टक्क्यांना. उजव्या पानावर माझ्याच अक्षरात: "सगळ्यांना घरघर सुरू होण्याआधी दिलं." मी सिस्टरला आजींना कुशीवर वळवायला आणि मुलाला फोन द्यायला सांगितलं. त्याच्याशी वीस मिनिटं बोललो. आवाज आपल्याला त्रास देतो, आजींना बहुधा त्याची जाणीव नाही, हे त्याला तीन वेळा सांगावं लागलं.