जुन्या टाटा ४०७ ट्रकच्या मागच्या हबचे बेअरिंग आणि सील बदलून अख्खा पावसाळा काढला, त्याचा अनुभव

सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. बेअरिंग मस्त चालू आहेत, आवाज गेला, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) तापत नाही. सीलचं, म्हणजे ऑईल बाहेर येऊ न देणाऱ्या रबराचं, मात्र उलटंच झालं, ज्या बाजूला महागाचं सील घातलं तिथेच परत ओल आली, आणि दुकानात दुसरं नव्हतं म्हणून ज्या बाजूला साधं लोकल सील बसवलं ती बाजू आजपर्यंत कोरडी. का ते खाली येतंय, पण ब्रँडवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवूनच पुढे वाचा.

गाडी टाटा ४०७, जुनी, दर वर्षी फिटनेसला उभी करावी लागते त्या वयातली. काम म्हणजे बहुतेक चिरे, कधी खडी, आणि मधूनमधून गोव्यातल्या साखळी-केरी गावांवरून चोर्ला घाट चढून बेळगावचा माल. म्हणजे लोड पण आहे, घाट पण आहे आणि लाल चिखल तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे फुकटच.

सुरुवात घूं घूं आवाजाने झाली. गाडी रिकामी असली की कमी, भरली की वाढायचा. मला वाटलं टायरचा, ड्रायव्हर म्हणे क्राऊनचा, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरचा. क्राऊन-पिनियनचा आवाज असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो, हा तसा बदलत नव्हता, स्पीडबरोबर नुसता चढत जायचा. मग डावीकडच्या आतल्या टायरवर काळे ओघळ दिसले आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायला लागली.

आता ओघळ दिसला की लगेच सील गेलं म्हणू नका. ४०७ ला हायड्रॉलिक ब्रेक, त्यामुळे त्या ड्रममध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी गळू शकतात. ब्रेक ऑईल पातळ असतं आणि वर बाटलीत लेव्हल उतरलेली दिसते, म्हणजे व्हील सिलिंडर गेला. हबातलं ग्रीस वितळून आलं तर काळं चिकट. आणि क्राऊनचं ऑईल जाड, त्याला तो गंधकासारखा घाण वास, एकदा नाकात गेला की विसरत नाही. आमच्याकडे तोच होता. जॅक लावून टायर वर-खाली धरून हलवला तर चक्क खडखड, म्हणजे बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) पण होताच.

गाडी नेली उसगावला, टिस्कच्या बाजूला एक जुने मेस्त (मेकॅनिक) आहेत त्यांच्याकडे. खाणी जोरात होत्या तेव्हा यांच्या दारात टिप्परची रांग असायची, २०१२ ला पहिल्यांदा खाणकाम बंद झालं, नंतर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि रांग आटली ती आटलीच. पण हात तोच आहे. हबचं काम या पट्ट्यातल्या मेस्तांइतकं गोव्यात दुसऱ्या कुणी केलं नसेल, हे माझं मत.

ज्यांनी कधी उघडलेलं बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४०७ चा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग. गाडीचं वजन एक्सल शाफ्टवर नसतं, ते हबातल्या दोन टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगवरून थेट हाऊसिंगवर जातं, शाफ्ट नुसता चाक फिरवायला. म्हणून शाफ्टच्या टोकाच्या फ्लँजचे (चकतीचे) बोल्ट काढले की शाफ्ट चाक न काढताच बाहेर ओढता येतो. पिकअप-जीपसारख्या बऱ्याच गाड्यांत हे सेमी फ्लोटिंग असतं, तिथे वजन शाफ्टवरच, बेअरिंग शाफ्टवर प्रेसने दाबून बसवलेलं, ते काम वेगळं आणि तिथे बेअरिंग तुटलं तर शाफ्टसकट चाक बाहेर यायची भीती. त्यामुळे माझा अनुभव तिकडे जसाच्या तसा लावू नका.

हब उतरवून सगळं डिझेलने धुतल्यावर खरी गंमत दिसली. बेअरिंगच्या कपवर (बाहेरच्या कड्यावर) ठरावीक अंतराने तपकिरी-काळे पट्टे, बरोबर रोलर जिथे टेकतात तिथे. मेस्त म्हणाले, "हे लोडने नाही गेलं रे, पाण्याने गेलं. गाडी उभी असताना आत पाणी होतं." दोन पट्ट्यांजवळ पापुद्रे निघायला लागले होते, तोच तो घूं घूं. निळसर डाग असते तर तापलेलं म्हणता आलं असतं, तसं काही नव्हतं.

मग पाणी आलं कुठून? सील गेलं म्हणून, हे अर्धं उत्तर. मेस्तांनी हाऊसिंगवरचा ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) काढून दाखवला, ती छोटी टोपी असते ना, ती लाल मातीने अशी बंद झालेली की खिळा घालून कोरावी लागली. घाट चढून-उतरून एक्सल तापतो, आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असला की ती सीलमधून वाट काढते आणि सोबत ऑईल ढकलते. तोच तापलेला एक्सल पाणी साचलेल्या रस्त्यात किंवा फेरीबोटीच्या रॅम्पवर पाण्यात गेला की आतली हवा एकदम आखडते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते. आमची गाडी रायबंदर-चोडण फेरीवरून कित्येकदा जाते, आणि उन्हाळ्यात मांडवीचं पाणी तिथे खारं. ड्रेन केलेलं क्राऊन ऑईल दुधाळ निघालं तेव्हा पटलं. नुसतं नवीन सील ठोकून बाहेर पडलो असतो तर तेही गेलंच असतं.

सामान घेताना: बेअरिंग टिमकेनचे घेतले, दोन्ही बाजूंचे इनर-आउटर, कप आणि कोन (रोलर असलेला आतला भाग) दोन्ही. जुन्या कपात नवीन कोन बसवून पैसे वाचवणारे आहेत, करू नका. टेपर बेअरिंगचा नंबर वाचायची साधी युक्ती, ३०२ किंवा ३२२ ने सुरू होणाऱ्या पाच आकडी नंबरात शेवटचे दोन आकडे (०४ किंवा जास्त असतील तर) गुणिले ५ म्हणजे आतला व्यास मिलिमीटरमध्ये. ३२२१० असेल तर ५० मिमी (हा नुसता उदाहरणाचा नंबर, तुमच्या गाडीचा तुम्ही जुन्या बेअरिंगवर वाचा). बाजारात डुप्लिकेट भरपूर, एसकेएफ घेणार असाल तर त्यांचं ऑथेंटिकेट नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर फोटो पाठवून तपासता येतं. सीलवर पण मापं छापलेली असतात, आतलं, बाहेरचं आणि रुंदी, जुनं सील खिशात घालून गेलेलं बरं कारण काउंटरवर पहिला प्रश्न "इनर की आउटर?"

बसवण्यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. एक, कप पूर्ण तळाला बसला पाहिजे. जुना कप काढायला मेस्तांनी आतून वेल्डिंगचा एक ओघ फिरवला, थंड झाल्यावर कप आकसून हातात आला, आणि तोच जुना कप बाहेरून थोडा घासून नवीन कप ठोकायला वापरला. तळाला बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, टणक होतो. केसभर जरी वर राहिला तर थोडं चालल्यावर तो बसतो आणि हबात प्ले येतो, मग लोक म्हणतात बेअरिंग खराब निघालं. दुसरं, नट. हब हाताने फिरवत फिरवत आवळायचा, मग थोडा मागे सोडायचा, लॉक करायचा. आपल्याकडे बरेच जण 'टाइट म्हणजे चांगलं' म्हणून टेपर बेअरिंग आवळून टाकतात आणि ते भाजून मरतं. मेस्तांकडे डायल गेज होता म्हणून प्ले ०.१ मिमीच्या आत आहे हे डोळ्यांनी बघितलं, पण त्यांचा हातच गेज आहे खरं तर.

ग्रीस लिथियमचं, तळहातावर घेऊन कोनच्या पिंजऱ्यात दाबून भरलं. हब गच्च भरायचा नाही, तापतो. जुनं ग्रीस पूर्ण धुवून काढायचं, कारण दोन जातींची ग्रीस एकत्र आली तर पातळ होऊ शकतात. डाव्या बाजूचे ब्रेक लायनर ऑईल पिऊन गेलेले, पेट्रोलने धुवून चालतात असं सांगणारे भेटतील, पुन्हा तापले की ऑईल वर येतं. दोन्ही बाजूंचे नवीन घातले. क्राऊनमध्ये ईपी ९०, जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑईल, लेव्हल प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंतच. जास्त ओतलं तरी गळतं.

आता सीलचं. डावीकडे सीलचं ओठ जिथे घासतं त्या रिंगवर नखाला लागेल एवढी खाच होती. नवीन रिंग त्या दिवशी ना फोंड्यात मिळाली ना म्हापशात, गाडी तर हवी होती, मेस्त म्हणाले बारीक पॉलिश पेपर मारून बघू, धरलं तर धरलं. महागाचं सील तिथे घातलं कारण तीच बाजू वाईट होती. उजवीकडची रिंग गुळगुळीत, तिथे लोकल. गणेश चवथीच्या आधी डाव्या ड्रमच्या खाली परत ओल. रिंग आणवली, त्याच ब्रँडचं तेच सील पुन्हा घातलं, आणि पाऊस संपला तरी एक थेंब नाही. म्हणजे सील दोन्ही चांगली, दोष खाचेचा. मजुरी मात्र दुसऱ्यांदा द्यावी लागली, आणि सील-रिंगपेक्षा मजुरीच जास्त, तेव्हा शक्य असेल तर रिंग हातात आल्याशिवाय हब उघडूच नका.

ब्रीदरच्या जागी मेस्तांनी निपल लावून रबरी पाइप वर चॅसिसपर्यंत नेला, तोंड खाली वळवून. सगळ्या खर्चात हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. पावसाळ्यानंतर क्राऊन ऑईल थोडं काढून बघितलं, स्वच्छ, दुधाळपणा अजिबात नाही.

घाट उतरल्यावर ड्रायव्हर दोन्ही हबना हाताची मागची बाजू लावून बघतो, दोन्ही सारखे कोमट असतात. एक जास्त तापला तर आधी ब्रेक धरतोय का बघा, प्रत्येक वेळी बेअरिंगच नसतं. फिटनेसला ब्रेक पहिल्या फेरीत पास झाले.

तक्रार एकच, नवीन फ्लँज पॅकिंग एका बाजूला थोडं पाझरतं. मेस्त म्हणतात बोल्ट परत एकदा आवळून बघू, नाहीतर पॅकिंग बदलू. उजव्या बाजूची रिंग पण आणून ठेवलीय, पुढे कधी तो हब उघडला की तेव्हाच घालणार.